बारा ते सहा

पाइपलाइनच्या कामावर तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा त्याच टोळीत क्रेन चालवायचा आणि त्याला सगळे दादा म्हणत. दादाची बायको ती वहिनी, इतकं सरळ. तिच्याहून वयाने कितीतरी मोठे असलेले फिटरसुद्धा "वहिनी, जरा इकडे चाक फिरवा" असंच म्हणायचे. सकाळी हजेरीला मुकादम तिचं खरं नाव पुकारायचा तेव्हा तिलाच क्षणभर वाटायचं, दुसऱ्या कुणाला हाक मारतोय.

तिचं काम घासण्याचं. दोन पाइपांची तोंडं समोरासमोर आणायची आणि मधल्या फटीत वितळलेल्या लोखंडाचे थरावर थर भरत जायचं, हे वेल्डरचं काम. प्रत्येक थर थंड झाला की त्यावर एक काळी, काचेसारखी खपली धरते. तिला मळी म्हणतात. ती पुरती निघाल्याशिवाय पुढचा थर चढवायचा नाही, नाहीतर ती आतच गाडली जाते आणि जोड तिथे कच्चा राहतो. म्हणून वेल्डर बाजूला झाला की वहिनी ग्राइंडर, म्हणजे विजेवर फिरणारं घासायचं चाक, घेऊन पुढे व्हायची. ठिणग्यांचा झोत पायाशी सांडायचा, वेल्डर तेवढ्यात घोटभर पाणी पिऊन यायचा, आणि तो परत येईपर्यंत जोड चकचकीत झालेला असायचा. त्याने भरायचं, तिने घासायचं, असा दिवस जायचा.

संध्याकाळी घरी आली की लोखंडाची धूळ केसांच्या मुळापर्यंत गेलेली असायची. सासूबाई दारातच थांबवायच्या. "आधी न्हाणीघर. तुझ्या डोक्यावरून लोहचुंबक फिरवला तर एक कढई सहज निघेल."

सासूबाईंच्या बोलण्याला धार होती, पण ती धार सगळ्यांना सारखी लागायची, म्हणून घरात कुणी रुसत नसे. वहिनीची मुलगी त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. आई-बाप दोघेही दिवसभर चरावर, म्हणजे जिथे पाइप पुरायचे त्या लांबच लांब खणलेल्या खंदकावर. घर म्हणजे आजी, हे मुलीने लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

घासता घासता वहिनीला एक सवय लागली होती. कुठला जोड कुणाच्या हातचा, हे तिला न विचारता कळायचं. एकाच्या थरावर माशाच्या खवल्यांसारख्या सारख्या लाटा असायच्या. दुसऱ्याचा हात वरच्या बाजूला निवांत चालायचा आणि खाली वळला की धावत सुटायचा. तिसरा घरी भांडून आला की वेल्डिंगचा रॉड दाबून धरायचा. मग तिथे लोखंडाचा ढीग साचायचा आणि तो उतरवताना वहिनीचे खांदे भरून यायचे. ती कुणाला काही बोलत नसे. फक्त त्या दिवशी त्याच्याकडे बघून जरा हसायची, आणि तो वरमायचा.

टोळीत सगळ्यात जुना वेल्डर म्हणजे उस्ताद. माणूस किडकिडीत, आवाज घोगरा, बोटांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. जोडाचा पहिला, सगळ्यात आतला थर, ज्याला मूळ म्हणतात, तो भरायला नेहमी उस्तादच लागायचे. मूळ चुकलं की वर कितीही सजवा, सगळं फुकट. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तसं त्यांनी आपण होऊन रॉड धरायचा होल्डर खाली ठेवला आणि यार्डाच्या टोकाला असलेल्या शिकवणीच्या शेडमध्ये जाऊन बसले. तिथे नवीन पोरांना पाइपाचे तुकडे जोडायला शिकवायचे आणि परीक्षेला तयार करायचे. पाइपलाइनवर कुणीही उठून होल्डर हातात घेऊ शकत नाही. नियमाप्रमाणे एक जोड परीक्षकासमोर करून दाखवायचा, तो जोड नंतर कापून, वाकवून, तोडून बघतात, आणि त्यात टिकला तरच माणूस पाइपलाइनचा वेल्डर.

मग एक दिवस साहेबांनी घासणाऱ्या सगळ्या बायांना बोलावलं. पाइपलाइनच्या सरळ लांब पट्ट्यांसाठी आता यंत्र येणार होतं. यंत्राच्या जोडावर मळी जवळजवळ धरतच नाही. हाताचे वेल्डर वळणावर, व्हॉल्व्हपाशी, ओढ्यानाल्याखाली लागणारच होते. पण घासणाऱ्यांपैकी थोड्याच राहतील, बाकीच्यांना गोदामात झाडलोट मिळेल, असं साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता, सांगताना नजर टेबलावर होती. बायांनी आपसात कुजबूज केली, एकदोघींनी गोदामच बरं, निदान सावली तरी, असं म्हटलं.

वहिनी तिथून निघाली ती थेट शेडमध्ये गेली. उस्ताद स्टुलावर बसून चष्मा पुसत होते.

"उस्ताद, मला वेल्डिंग शिकवा."

त्यांनी चष्मा चढवला, तिच्याकडे बघितलं. "का?"

"इतकी वर्षं दुसऱ्याच्या पाटीवरचं पुसतेय," ती म्हणाली. "एकदा स्वतः लिहून बघते."

उस्ताद हसले नाहीत. "उद्या सुट्टी झाली की ये. आणि एक लक्षात ठेव, आजवर तुम्ही वहिनी होतात. उद्यापासून तू माझी विद्यार्थिनी. म्हणजे अहो-जाहो बंद, आणि शिव्या चालू."

घरी जेवताना तिने विषय काढला. दादा कमी बोलणारा माणूस. दिवसभर क्रेनच्या केबिनमध्ये एकटा बसून त्याची बोलायची सवयच मोडली होती. त्याने घास संपवला. "मान धरेल. तासन्‌तास वाकून राहावं लागतं."

"ग्राइंडरने कमी धरते का?"

"डोळ्यांना त्रास."

"काच असते ना समोर."

दादाने आणखी एक घास खाल्ला. "बरं. मग संध्याकाळचा स्वयंपाक मी बघीन."

"तू बघशील," सासूबाई म्हणाल्या, "आणि आम्ही तो खायचा? राहू दे. मीच करते." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "घरची भांडी घासून भागलं नाही म्हणून पाइप घासायला गेलीस. आता तेही पुरेना. उद्या विमान चालवायचं मनात आलं तर आधी सांग, मी मोठ्या पातेल्यात भात टाकत जाईन."

म्हणजे परवानगी मिळाली, हे घरातल्या सगळ्यांना कळलं.

पहिल्या संध्याकाळी वहिनीने रॉड लोखंडाला टेकवला आणि तो तिथेच चिकटला. ओढून काढला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. शेजारच्या खोपटात शिकणारी पोरं पडद्याआडून डोकावली आणि फिदीफिदी हसली. वहिनीलाही हसू आलं. तिने हजारो जोड जवळून बघितले होते, पण बघितले होते ते थंड झाल्यावर. काचेआडून जिवंत आग बघायची तिची ही पहिलीच वेळ. तोंडावरची शील्ड खाली केली की सगळं जग काळं व्हायचं आणि मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक हिरवट उजेड उरायचा. त्या उजेडात लोखंड पाण्यासारखं हलायचं. पहिले काही दिवस ती त्या हलण्याकडे बघतच राहायची आणि हात पुढे न्यायचं विसरायची.

"सिनेमा बघायला आली आहेस का?" उस्ताद मागून ओरडायचे. "चल पुढे. लोखंड तुझ्यासाठी थांबणार नाही."

हळूहळू हात चालू लागला. सपाट पट्टी जमली, उभी पट्टी जमली. मग उस्तादांनी पाइप तिरका बांधला, जसा परीक्षेत असतो. तो फिरवता येत नाही. माणसानेच त्याच्याभोवती फिरायचं.

"पाइप म्हणजे घड्याळ समज," उस्ताद म्हणाले. "माथ्यावर बारा, तळाशी सहा. आपण बारावर सुरू करायचं, एका बाजूने उतरत सहावर यायचं. मग पुन्हा बारा, आणि दुसऱ्या बाजूने सहा. तीनपर्यंत कुणीही जातो. पाच वाजायला आले की भल्याभल्यांचे बारा वाजतात."

तसंच झालं. बारा ते तीन तिचा हात सुरेख चालायचा. चारनंतर लोखंड खाली लोंबायला लागायचं, रॉडचा कोन चुकायचा, ठिणग्या मनगटावरून बाहीत शिरायच्या. एकदा तप्त थेंब कॉलरच्या आत उतरला आणि ती तशीच पुढे भरत राहिली, कारण मध्येच थांबलं असतं तर तो थर वाया गेला असता. तो संपवूनच तिने शील्ड वर केली. उस्तादांनी पाण्याचा मग पुढे केला आणि त्या दिवशी शिव्या दिल्या नाहीत.

आणखी एक अडचण होती, उंचीची. पाइप बांधायचा खांब उंच पुरुषांच्या मापाने गाडलेला होता. वहिनीला बाराला पोचायला टाचा उंच कराव्या लागायच्या, आणि टाचांवर उभं राहिलं की हात हलतो. तिने दादाकडून क्रेनखाली घालायच्या लाकडांपैकी दोन जाड ओंडके मागून आणले आणि त्यांवर फळी ठोकली. पोरं त्या फळीला रंगमंच म्हणू लागली.

उस्तादांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे ऐकायला. ग्राइंडर चालवणारी माणसं कानात बोळे घालतात, त्यामुळे कामावर कान वापरायची तिची सवय गेलेली. "मुळाचा थर भरताना समोर किल्लीच्या भोकाएवढं छिद्र दिसलं पाहिजे," उस्ताद म्हणायचे. "ते आहे तोवर आग आतपर्यंत पोचते. आणि पोचली की पाइपाच्या पोटातून फुंकर मारल्यासारखा आवाज येतो. तो थांबला की समज, भोक बुजलं. डोळा फसतो, मला विचार. कान नाही फसत."

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक बाहेरून आलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. त्यांनी वहिनीची फळी बघितली आणि भुवया वर गेल्या.

"हे काय?"

"उंची कमी पडते, साहेब. यावर उभी राहते."

"परीक्षेत पाइपाची जागा ठरलेली असते."

"पाइप नाही हलवला. मीच हलले."

परीक्षकांनी चष्मा लावला, नियमांची जाडजूड प्रत उघडली आणि उभ्याउभ्या चाळली. शेवटी त्यांनी प्रत मिटली. "पाइप कसा असावा ते लिहिलंय. वेल्डर कशावर उभा असावा ते कुठे लिहिलेलं नाही. राहू द्या."

जोड झाला. दिसायला देखणा होता. परीक्षक त्यावरून बोट फिरवून पुढे गेले, म्हणजे वरून बघण्यात पास. मग जोडाच्या पट्ट्या कापल्या. काही ओढल्या, काही वाकवल्या, त्या टिकल्या. काही बाजूने खाच पाडून हातोड्याने तोडायच्या होत्या, आत काय आहे ते बघायला. त्यातली एक तुटली आणि करड्या, खरखरीत लोखंडात एक बारीक काळी रेघ दिसली. चमकदार, काचेसारखी.

वहिनीला कुणी सांगायची गरज नव्हती. ती रेघ मळीची होती. आयुष्यभर जी काढण्याची मजुरी घेतली, तीच तिच्या स्वतःच्या जोडात राहिली होती.

"नापास," परीक्षक म्हणाले. मग जरा थांबून, "हात चांगला आहे. पुन्हा या."

ती बसने घरी आली. नेहमीप्रमाणे न्हाणीघरात गेली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बाहेर आली नाही. सासूबाईंनी दाराशी जाऊन आतलं पाणी वाहतंय एवढं ऐकलं आणि परतल्या. जेवायला वाढताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हेच मुलीला भीतीदायक वाटलं. आजी गप्प म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय.

"आई, परत देता येते ना परीक्षा?" मुलीने विचारलं.

"येते."

"मग झालं तर."

"दुसऱ्या कुणाची मळी राहिली असती तर चाललं असतं," वहिनी म्हणाली. "माझी राहिली." आणि मग मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली.

दादाने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. तो तिचं सांत्वन करायच्या भानगडीत पडला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "उस्तादांना दाखवलीस का ती पट्टी?"

"नाही."

"दाखव. त्यांना दिसत नसेल, पण कळेल."

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी ती तुटकी पट्टी भिंगाखाली धरली, खिडकीपाशी नेली, अंगठ्याने चाचपली. मग विचारलं, "थरांमधली मळी कशी काढलीस?"

"ग्राइंडरने. चांगली आरशासारखी घासली."

"तिथेच मार खाल्लास."

वहिनीला कळेना.

"हे बघ," उस्ताद म्हणाले. "ही रेघ मधोमध नाही, कडेला आहे. तू चाक इतकं जोरात चालवलंस की ते कडेच्या भिंतीत शिरलं आणि तिथे खोबण पडली. पुढच्या थराची मळी त्या खोबणीत जाऊन बसली. वरून सगळं चकचकीत, म्हणून तुला दिसली नाही. दुसऱ्यांचा जोड घासताना तुला त्यांच्यावर विश्वास नव्हता, ठीक होतं, तो तुझा धर्मच होता. पण आता तू स्वतःवरही तसाच संशय घेतेस. थर टाकतेस आणि लगेच चाक उचलतेस. आधी बघत नाहीस की घासायची गरज आहे का."

वहिनीने पट्टी हातात घेऊन ती रेघ पुन्हा बघितली. आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं तेच आडवं आलं, हे पचायला जड होतं. इतर शिकाऊ पोरांना घासता येत नव्हतं म्हणून त्यांची मळी राहायची. तिची राहिली ती घासता येत होतं म्हणून.

उस्तादांनी तिचा ग्राइंडर उचलून आपल्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. "आता तारेचा ब्रश आणि छन्नी. बास. मी सांगेपर्यंत."

ते दिवस तिला फार कठीण गेले. हात आपोआप ग्राइंडर शोधायचा. कामावर दिवसभर तेच चालवायचं आणि संध्याकाळी त्याला शिवायचं नाही. ब्रशने मळी निघेना तेव्हा तिला कळू लागलं की मळी अडकते कशामुळे. रॉडचा कोन पडला की अडकते. वेग चुकला की अडकते. थर मधे फुगीर झाला की दोन्ही कडांना अडकते. कोन नीट असेल तर काळी खपली छन्नीच्या एका टोल्याने आख्खी सुटून यायची, शेंगदाण्याचं साल निघावं तशी. जो दोष ती पूर्वी चाकाने पुसून टाकायची, तो आता तिला थर टाकतानाच टाळावा लागत होता. पोरं म्हणायची, रंगमंचावर आता मूकनाट्य चाललंय, कारण तिच्या खोपटातून चाकाची किंकाळी येणंच बंद झालं होतं.

दुसऱ्यांदा परीक्षा आली तेव्हा परीक्षक तेच होते. फळीकडे बघून त्यांनी या वेळी भुवया उंचावल्या नाहीत. उस्तादांनी सकाळी कपाट उघडून ग्राइंडर तिच्या हातात दिला. "आता घे. वापरायचा की नाही ते तू ठरव."

एका बाजूचं मूळ सुरेख उतरलं. फुंकरीचा आवाज बारापासून सहापर्यंत एकसारखा आला. दुसऱ्या बाजूला ती साडेचारच्या आसपास पोचली आणि आवाज थांबला. क्षणभरच. छिद्र समोर दिसत होतं असं तिला वाटलं, उजेडही होता, लोखंडही हलत होतं. पण पाइपाच्या पोटातून काही ऐकू आलं नाही. मग आवाज पुन्हा सुरू झाला.

ती थांबली. शील्ड वर केली. वरून बघितलं तर तिथे काही वेगळं दिसत नव्हतं. परीक्षक हाताची घडी घालून उभे होते. परीक्षेला वेळेचं बंधन होतं आणि तो जोड पुढे नेला असता तर कदाचित निभावूनही गेला असता.

वहिनीने ग्राइंडर उचलला. शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या उस्तादांना तो आवाज ऐकू आला आणि त्यांची हनुवटी वर झाली. तिने कडेच्या भिंतींना चाक लागू न देता मधोमध फक्त बोटभर जागा उतरवली, एवढीच. खाली बारीकशी बुजलेली फट निघाली. तिने त्या जागेचं टोक निमुळतं केलं, चाक बाजूला ठेवलं, शील्ड पाडली आणि वरून थोडं मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. फुंकर परत आली आणि सहापर्यंत टिकली. त्यानंतरच्या थरांना तिने चाक लावलं नाही. ब्रश आणि छन्नी. शेवटचा थर चढवून ती फळीवरून खाली उतरली आणि त्याच फळीवर बसली.

पट्ट्या कापल्या गेल्या. ओढल्या, वाकवल्या. हातोड्याचा घाव पडायचा तेव्हा ती तुकड्याकडे न बघता परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते एकेक तुकडा उजेडाकडे नेत, चष्म्याखालून बघत आणि टेबलावर ठेवत. सगळे तुकडे करडे आणि स्वच्छ होते.

"पास," परीक्षक म्हणाले. मग विचारलं, "तिथे का थांबलात? वरून मला काहीच दिसलं नव्हतं."

"आवाज गेला होता."

त्यांनी मान हलवली. "बरं केलंत."

उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ उचलला नाही. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जा घरी. सासूला सांग. नाहीतर ती मला शिव्या घालायला इथे येईल."

सासूबाईंनी बातमी ऐकली, गॅस बारीक केला आणि सुनेच्या गालांवरून हात फिरवला. हाताला काजळी लागली. "आधी न्हाणीघर," त्या म्हणाल्या. मुलगी शेजारच्या सगळ्या दारांवर जाऊन सांगून आली आणि प्रत्येक दारी सांगताना परीक्षा थोडी आणखी अवघड होत गेली.

पाइपलाइनवर वहिनीचा पहिला जोड एका ओढ्याच्या अलीकडे होता. पास झालेल्या प्रत्येक वेल्डरला एक खूण मिळते; जोड झाला की शेजारी खडूने ती खूण लिहायची, म्हणजे पुढे काही निघालं तर कुणाचा जोड ते कळतं. तिने खूण लिहिली. घासणाऱ्या तिच्या जुन्या मैत्रिणींपैकी एक तिच्या थरावरची मळी काढायला आली आणि म्हणाली, "काय गं, मला काही काम ठेवलंच नाहीस की." क्ष-किरणांनी जोड तपासला गेला, निर्दोष निघाला, त्यावर वेष्टण चढलं, आणि काही दिवसांनी जोडलेल्या पाइपांचा तो पट्टा चरात उतरवायची वेळ आली.

उतरवणारा दादा होता. यार्डात तो झटपट कामाबद्दल ओळखला जायचा. पट्टा उचलला, झुलवला, ठेवला, मोकळा झाला. त्या दिवशी मात्र त्याने पाइप इतका सावकाश खाली घेतला की मुकादम खालून हात करून म्हणाला, "दादा, काय झालं? दोर अडकला का?"

"नाही," दादा केबिनमधून म्हणाला. "चालू आहे ना."

आणि पाइप तळाशी वाळूवर टेकला तेव्हा टेकल्याचा आवाजही आला नाही. वहिनी पलीकडच्या कडेला उभी होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपापल्या कामाला लागली.

त्यानंतर वहिनीने बरीच वर्षं होल्डर धरला. यंत्र आलं तसं सरळ पट्टे त्याच्याकडे गेले, आणि जिथे यंत्र वळत नाही, जिथे माणसाला चिखलात आडवं होऊन सहा वाजवावे लागतात, तिथे तिला बोलावू लागले. मान धरली, दादा म्हणाला होता तशी. गळ्याशी डागांची माळ झाली. मुलीला या धंद्याची अजिबात ओढ नव्हती. ती गुरांची डॉक्टर झाली आणि आईइतकीच चिखलात लोळून घरी येऊ लागली. गोदामात गेलेल्या बायांपैकी दोघी वहिनीकडे शिकून गेल्या. एक पास झाली. दुसरी झाली नाही, पण तिने उत्तम फिटर म्हणून नाव काढलं.

नियम असा आहे की काही महिने काम केलं नाही तर आधीची परीक्षा गेली पाण्यात, पुन्हा द्यावी लागते. जाड पाइपाची वेगळी, बारीक पाइपाची वेगळी. त्यामुळे वहिनी दर थोड्या महिन्यांनी कुठली ना कुठली परीक्षा देत असायची. एकदा अशीच सकाळी हातमोजे पिशवीत भरत असताना सासूबाईंनी विचारलं. आता त्या खाटेवरून फारशा उठत नव्हत्या, पण धार तशीच होती.

"पुन्हा परीक्षा? अगं, एकाच गोष्टीत किती वेळा पास होणार आहेस तू?"

"विचारतील तितक्या वेळा, आई."

"मग डबा घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी उपाशीपोटी गेलीस, आणि हात थरथरत होता म्हणालीस."

वहिनीने डबा पिशवीत टाकला, चप्पल घातली आणि बस पकडायला निघाली.